गावचे दगड टँकमध्ये: पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

दुकानातले रंगीत खडे न घेता वणी तालुक्यातल्या आमच्या गावाभोवतीचेच दगड माशांच्या दोन टँकमध्ये मांडले. एकात बोअरचं पाणी आणि गप्पी-मोली, दुसऱ्यात साठवलेलं पावसाचं पाणी आणि टेट्रा. तिन्ही ऋतू पाहून झाले, म्हणून आता लिहितो.

सगळ्यात भरवशाचा निघाला तो आपला काळा दगड, बेसाल्ट. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) जागचा हलला नाही आणि दगडावर शेवाळ सुरेख धरलं. फक्त त्याच्या पोकळ्यांत पांढरं काही भरलंय का ते बघा. गारगोटी किंवा झिओलाइट असेल तर चिंता नाही. कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, असेल तर ते हळूहळू विरघळतं. म्हणून व्हिनेगरचा थेंब त्या पांढऱ्यावरच टाकायचा. फेस आला की दगड बाजूला. नदीतल्या गारगोट्या, अकीक बिनधास्त वापरा.

खरा घोळ चुनखडकाचा आहे. वणीपासून कोरपना-गडचांदूरपर्यंत तो जमिनीत आहेच; तिकडचे सिमेंट कारखाने त्याच्यावरच चालतात. काळ्या मातीच्या वावरात निघणारे पांढरट खडे चुन्याचे. घरातली शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पाही चुनखडकच, म्हणून तर लिंबू सांडलं की ओट्यावर डाग पडतो. काळा दिसतो एवढ्यावरून कडप्प्याचा तुकडा बेसाल्ट समजून टँकमध्ये ठेवणारे बरेच आहेत.

हा दगड विषारी नाही, पण पाणी जड करतो आणि पीएच आठच्या जरा वर नेतो. सारखेच दोन गोटे मी बोअरच्या आणि पावसाच्या पाण्याच्या बादल्यांत ठेवून पाहिले. बोअरचं पाणी आधीच जड, तिथे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) जेमतेम हलला. पावसाच्या पाण्यात आठवड्यागणिक चढत गेला. गप्पी-मोलीला जड पाणी मानवतं, टेट्रावाल्यांनी मात्र चुनखडक ठेवूच नये. टँकमधल्या झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर चुनखडक आणखी लवकर विरघळतो. आणि व्हिनेगर सौम्य असतं, डोलोमाइटवर (चुनखडकाच्याच जातीचा दगड) सहसा फेस येत नाही. खिळ्याने खरडून त्या भुकटीवर थेंब टाका.

धातूची खनिजं शोकेसमध्येच शोभतात. कोळशातला सोनेरी पायराइट ओलाव्यात गंजून आम्ल सोडतो. तुमसरकडचा मँगनीजचा जड दगड पाहुणे हौसेने आणून देतात, तोही पाण्यात नको. हिरव्या मॅलाकाइटमध्ये तांबं असतं आणि कोळंबीला ते थोडंही सोसत नाही.

कपाशीच्या धुऱ्यावरचे किंवा फवारणीचे पंप धुतात त्या जागेजवळचे गोटे कितीही देखणे असले तरी उचलू नका. भेगांत औषध मुरलेलं असतं आणि घासून ते निघेल याची खात्री नाही. स्वच्छ जागचे दगडही उकळायचे नाहीत, आत पाणी मुरलेलं असलं तर फुटतात. ब्रशने घासायचे, कडक ऊन द्यायचं, मग बादलीत पाणी बदलत काही दिवस ठेवायचे.

मोठा दगड रेतीवर मांडू नका. आधी तळाला पातळ फोम, त्यावर दगड, मग भोवती रेती. रेती उकरणारे मासे असले तर वर ठेवलेला दगड कलंडून थेट काचेवर जातो.