'टायमिंग गेलंय' म्हणाले आणि साडेसात हजार घेतले

आमची मारुती ८०० १९९६ची आहे. कार्बोरेटरची, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारा छोटा स्विच). वडिलांनी घेतलेली गाडी, ते गेल्यापासून मीच चालवतो. अशी जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांनी हे नीट वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पावसाळा संपल्यावर एक त्रास सुरू झाला. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून फाट् फाट् बार निघायचे. चढाला काहीच तक्रार नव्हती. पिकअप पहिल्यासारखा, मिसिंग नाही, सकाळी एका सेल्फला चालू. गाडी ओढायला चांगली होती, हे लक्षात ठेवा.

हायवेलगतच्या एका गॅरेजला नेली. मालकाने बॉनेट उघडून ऐकलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही समोर चहा घेऊन या, तोवर मी चेक करतो." वीस मिनिटांनी परत आलो. "चला, ट्रायल मारू." गाडी जागची उठेना. सेकंडला टाकली तर गुदमरली, आणि ॲक्सिलेटर दाबला की मागून बंदुकीसारखे बार. "बघितलंत? टायमिंग गेलंय. बेल्टचा दात सरकलाय. अशीच चालवलीत तर इंजिन बसेल." वडिलांची गाडी माझ्या हातून खलास होणार या विचाराने मी घाबरलो आणि 'करा' म्हणून आलो. तासाभरापूर्वी हीच गाडी घरून झकास आली होती, हे त्या क्षणी सुचलंच नाही.

दोन दिवसांनी बिल मिळालं. टायमिंग बेल्ट किट ४,२००, कार्बोरेटर सर्व्हिस १,८००, मजुरी १,५००. जुना बेल्ट मागितला, तो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलाही. पिकअप परत आला होता, त्यामुळे माझा विश्वास बसला. पण पहिल्याच रविवारी घाट उतरताना तेच बार. परत गेलो तर म्हणे, "मग व्हॉल्व्ह जळालेत सर. हेड उतरवावं लागेल. अठरा हजार धरून चाला."

नशिबाने त्या दिवशी खिशात पैसे नव्हते. कोरेगावकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी काही खोललं नाही. डिस्ट्रीब्युटरच्या (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग, ते त्याला डेल्को म्हणतात) बुडाशी कापड फिरवलं आणि मला वाकायला लावलं. तिथे छिन्नीने मारलेली एक बारीक रेघ होती, अर्धी डेल्कोच्या बॉडीवर, अर्धी खालच्या भागावर. वडिलांच्या जुन्या मेकॅनिकने कधीतरी टायमिंग लावून मारलेली खूण. दोन्ही अर्धे एका रेषेत हवेत, ते दोन-अडीच मिलिमीटर सरकले होते. क्लॅम्पखाली तर बोटभर जागेत धातू ताजा घासून चकचकीत झाला होता, म्हणजे डेल्को त्याहून बराच लांब फिरवून परत आणलेला. "काका, म्हणजे काय?" "म्हणजे तू चहाला गेलास आणि ह्यो फिरवला."

मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण दुसरा अर्थ मला तरी लागत नाही, आणि पुढे जे निघालं त्यानंतर शंकाही उरली नाही. मिस्त्रींनी टायमिंग कव्हरचे बोल्ट दाखवले. त्यांच्या डोक्यांवर तेल-मातीचा जुना थर जसाच्या तसा, पाना लागलेलाच नाही. कव्हर काढलं तर आत पाठीवर बारीक चिरा पडलेला जुनाच बेल्ट. वर्तमानपत्रातला बेल्ट शेजारी धरला तर तो चांगला वीतभर लांब. तो आमच्या गाडीचा नव्हताच.

सगळा खेळ 'टायमिंग' या एका शब्दावर झाला. गाडीत टायमिंग दोन असतात. एक बेल्टचं, व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते. दुसरं स्पार्कचं, ते डेल्को फिरवून लावतात. डेल्कोच्या आतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने बॉडी फिरवली की स्पार्क उशिरा पडतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत जाळ चालूच असतो, तो मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांत) जातो. गाडी ओढत नाही, गरम होते, बार काढते. एक बोल्ट सैल करून कुणीही धडधाकट गाडी पाच मिनिटांत आजारी करू शकतो आणि तेवढ्याच वेळात बरीही.

खरं दुखणं वेगळंच होतं. मॅनिफोल्ड आणि पुढचा पाईप जिथे जोडतात तिथलं पॅकिंग जळलं होतं. जोडाच्या बाजूला काजळीचा काळा पट्टा उठलेला. मिस्त्रींनी थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं क्षणभर दाबलं, तर जोडातून फुसफुस ऐकू आली. पाय काढल्यावर थोडं न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये येतं, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गरम पाईपमध्ये त्याचा भडका होतो. म्हणून बार फक्त उताराला. व्हॉल्व्ह जळलेत का हे बघायला हेड उतरवावं लागत नाही, आधी कॉम्प्रेशन गेज लावून सिलिंडरमधला दाब मोजतात. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले.

पॉइंटचा गॅपही कमी झाला होता. पॉइंटची टाच झिजली की गॅप घटतो आणि स्पार्क आपोआप उशिरा पडायला लागतो, त्यामुळे आधी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप आणि मगच टायमिंग, हा क्रम त्यांनी मला दोनदा सांगितला. मग डेल्कोला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि टायमिंग लाईट लावली. इंजिनाची टायमिंगची खूण त्या उजेडात लखलखताना मला स्वतःला बघायला लावली. नवं पॅकिंग, नवे पॉइंट, मजुरी मिळून ९५० रुपये. बेल्ट पुढच्या महिन्यात बदलून घे म्हणाले, तो मी स्वतः दुकानातून आणून समोर उभं राहून बसवून घेतला.

तुमच्या गाडीचं कुणी 'टायमिंग गेलंय' म्हणालं तर पहिला प्रश्न विचारा, कुठलं? डेल्कोच्या खुणेचा आणि कव्हरच्या बोल्टचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय किल्ली देऊ नका. ट्रायल त्यांनी हात लावायच्या आधी मारा.

मी गॅरेजला जाऊन तो लांब बेल्ट टेबलावर ठेवला. मालकाने हजार रुपये पुढे केले, मी घेतले नाहीत. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल, दोन्ही बेल्टचे फोटो आणि मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद जोडून अर्ज तयार केलाय. सोमवारी देणार आहे.