छोट्या कारखान्यासाठी गट आरोग्य विमा: नूतनीकरणाच्या तोंडावरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या वीसेक माणसांच्या मशीन शॉपसाठी घेतलेली ही पॉलिसी. दर कुटुंबाला ३ लाखांचं फ्लोटर (सगळ्या कुटुंबाने मिळून वापरायचं) संरक्षण, जुने आजार पहिल्या दिवसापासून, बाळंतपणाचा खर्च ठरलेल्या मर्यादेत, रूम रेंट दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, आयसीयूला २ टक्के. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत), वरचे या पॉलिसीत. पुणे-पिंपरीतल्या कितीतरी लहान कारखान्यांत हीच रचना दिसते, त्यामुळे कंपनीचं नाव न घेता लिहिलं तरी उपयोगी पडेल. मत आधीच सांगतो: पॉलिसी घेण्यासारखी आहे, पण दर महिन्याची नावांची यादी विमा कंपनीकडे वेळेवर गेली तरच. गेल्या दोन वर्षांत नियम रुग्णाच्या बाजूने बरेच सुधारले आहेत. यादी ढिली असेल तर त्यातलं काहीच कामगाराच्या पदरात पडत नाही.

पैशांपासून सुरुवात करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसींवरचा जीएसटी शून्य झाला. गट पॉलिसीवर तो १८ टक्केच राहिला. म्हणजे ३,००,००० रुपयांच्या हप्त्यावर ५४,००० रुपये कर, आणि कायद्याने विमा देणं बंधनकारक नसेल तर त्याचं इनपुट क्रेडिटही (भरलेला कर आपल्या जीएसटीतून वजा करण्याची सवलत) मिळत नाही. मोठ्या कंपनीला हे जाणवत नसेल, वर्कशॉपला जाणवतं. लहान मालकांवर हा सरळ अन्याय आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी स्वतःहून पैसे काढणाऱ्यालाच कर भरावा लागतो.

मग प्रत्येकाला वैयक्तिक पॉलिसी काढून दिली तर? हिशेब केला की मोह ओसरतो. वैयक्तिक पॉलिसीत सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या ठरावीक आजारांना साधारण २ वर्षं थांबावं लागतं आणि जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत. (ही शेवटची मुदत आधी ४ वर्षं होती, १ एप्रिल २०२४ पासून कमी झाली.) पन्नाशीच्या मधुमेही टर्नरला वैयक्तिक पॉलिसी मिळेलच याचीही खात्री नसते. गट पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून आत. हा एकच फायदा १८ टक्क्यांपेक्षा मोठा आहे. हप्ता मात्र रोखीने भरू नका. रोखीने भरलेला हप्ता आयकरात धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही.

ईएसआयची बाजू लोक गृहीत धरतात आणि तिथेच घोळ होतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. २०,००० पगारावर ६५० आणि १५० रुपये, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. २१,००० ची मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरायचा नाही; वर्गणी कापताना तो नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या जुन्या व्याख्येत धरला जायचा. जूनमध्ये पगार २१,८०० झाला म्हणून जुलैपासून वर्गणी थांबवणं चूक आहे. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ पुरा होईपर्यंत पूर्ण २१,८०० वर कपात चालू ठेवायची. मालकाचे ७०९, कामगाराचे १६४. १ ऑक्टोबरला नाव ईएसआयमधून सुटतं, आणि त्याच तारखेपासून ते गट पॉलिसीत लागलं पाहिजे. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ अटी पूर्ण असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो, त्यामुळे बाहेर पडलेल्या माणसाला कार्ड फेकू नको असं जरूर सांगा. मोहननगर, चिंचवडचं किंवा बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय त्याला त्या काळात बंद झालेलं नसतं.

आता नवा मुद्दा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात वेतनाची व्याख्या वेगळी आहे: घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते वेतनातून वगळता येतात, पण एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपर्यंतच; वरचा भाग वेतनात मिळवायचा. समजा मूळ पगार १८,०००, घरभाडे ७,०००, प्रवास ३,०००. एकूण २८,०००, भत्ते १०,०००, म्हणजे निम्म्याहून कमी. संहितेच्या व्याख्येने वेतन १८,००० निघतं. एकूण रकमेकडे पाहून ज्यांना गट पॉलिसीत टाकलं त्यांच्यातले काही ईएसआयच्या रेषेखाली येऊ शकतात. नूतनीकरणाचं कोटेशन मागवण्याआधी पगारपत्रक सल्लागाराकडून या व्याख्येने तपासून घ्या, नाहीतर एकाच माणसाचे दोन्हीकडे पैसे भरले जातील. उलट टोकाची अडचणही आहे: बहुतेक विमा कंपन्यांना गटात किमान ७ कर्मचारी लागतात. रेषेच्या वरची माणसं त्याहून कमी झाली तर कोटेशनच मिळत नाही.

यादीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण नाकारले किंवा अडकलेले दावे बहुतेक इथेच अडकतात. नवा माणूस रुजू झाला की नाव, जन्मतारीख, नातं, रुजू तारीख पाठवायची. विमा कंपनीकडे सीडी (कॅश डिपॉझिट) खात्यात आगाऊ रक्कम असावी लागते; तिच्यात शिल्लक नसेल तर एंडोर्समेंट (पॉलिसीत नाव जोडण्याची नोंद) थांबते आणि संरक्षण सुरूच होत नाही, मेल पाठवला असला तरी. वार्षिक हप्ता ६,००० असलेला माणूस वर्षाचे २०० दिवस उरलेले असताना आला तर करासह सुमारे ३,८८० रुपये लागतात. अशा चार-पाच माणसांपुरती शिल्लक कायम ठेवा.

नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहा. आपल्याकडची नेहमीची गोची म्हणजे लग्नानंतरचं नाव. यादीत नवऱ्याचं नाव-आडनाव, आधारवर माहेरचं. दवाखान्याच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) खिडकीवर दोन्ही जुळत नाहीत आणि कॅशलेस तिथेच अडतं. आडनाव आधी लिहिण्याच्या सवयीनेही ई-कार्डवर नाव उलटं छापून येतं. ई-कार्डं आली की प्रत्येकाला आपलं कार्ड आधारशी ताडून बघायला लावा, तेही कामाच्या वेळेत. घरी पाठवलं की कोणी बघत नाही. बाळ जन्मलं तर बहुतेक पॉलिसींत ३० दिवसांत नाव कळवावं लागतं. बाळंतिणीच्या घरच्यांना ते सुचत नाही, ते काम ऑफिसने करायचं.

दवाखान्यातला अनुभव मिश्र. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची; तीन तासांपुढे उशीर झाल्याने वाढलेला दवाखान्याचा खर्च विमा कंपनीने सोसायचा. सुधारणा खरी आहे, फरक जाणवतो. पण घड्याळ सुरू होतं कंपनीकडे विनंती पोचल्यावर. वेळ खातो तो दवाखान्याचा बिलिंग विभाग: डिस्चार्ज समरी तयार नसते, तपासणीचा अहवाल जोडलेला नसतो, मग टीपीएची शंका येते आणि फाइल पुन्हा फिरते. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी कळवा. सकाळी राउंड झाल्याबरोबर समरी मागा. दुपारनंतर मागितली तर संध्याकाळ होतेच.

सर्वात मोठं नुकसान रूम रेंटमध्ये. ३ लाखांवर १ टक्का म्हणजे दिवसाला ३,०००. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत एवढ्यात स्वतंत्र खोली मिळणं कठीण. नातेवाईक ६,००० ची खोली घेतात आणि वाटतं फरक फक्त खोलीभाड्याचा पडेल. तसं होत नाही. १,८०,००० चं बिल धरा: तीन दिवसांची खोली १८,०००, शल्यचिकित्सक, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,०२,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ६०,०००. खोली दुप्पट दराची, म्हणून पहिल्या दोन्ही रकमा निम्म्या होतात: ९,००० आणि ५१,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांवर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही, त्यामुळे ६०,००० पूर्ण. हातात १,२०,०००, खिशातून ६०,०००. औषधांवरही कपात लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्या. पुढच्या वर्षी विमा रक्कम वाढवण्याऐवजी रूम रेंटची मर्यादा काढण्यासाठी जादा हप्ता देणं जास्त शहाणपणाचं.

आईवडिलांना पॉलिसीत घेतलं की हप्ता झपाट्याने चढतो, शिवाय १० ते २० टक्के को-पे, म्हणजे दाव्याचा तेवढा भाग स्वतः भरायचा. ज्यांचे आईवडील ७० च्या पुढे आहेत त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या. उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांचं संरक्षण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि तो उपचार यादीत आहे का, हे दाखल होण्याआधी विचारायचं.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा नाव काढल्यावर उरलेला हप्ता परत येतो, पण त्याने दावा घेतलेला असेल तर सहसा नाही. त्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय असतो आणि गटात काढलेला काळ प्रतीक्षाकाळात धरला जातो. हे शेवटच्या दिवसाआधी त्याच्या कानावर घालणं मालकाचं कर्तव्य मानतो; नंतर त्या माणसाला कोणी सांगत नाही.

नूतनीकरणाच्या ६० दिवस आधी दाव्यांचा तपशील लेखी मागून घ्या. लहान गटात एक बायपास झाली तरी हप्त्याच्या तुलनेत दाव्यांचं प्रमाण २०० टक्क्यांवर जातं आणि ब्रोकर दरवाढ पुढे करतो. तो दर तुमच्या दाव्यांवरून काढला आहे की लहान गटांच्या ठरलेल्या दरपत्रकावरून, हे विचारा. दुसऱ्या बाबतीत वाढीला तुमचा दावा कारण असू शकत नाही. दावा नाकारला असेल तर दावे पुनरावलोकन समितीची मंजुरी घेतली होती का, हेही विचारा, कारण तिच्याशिवाय नाकारता येत नाही. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत पुण्यातल्याच विमा लोकपालाच्या कार्यालयात अर्ज. गट पॉलिसीच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.