टी. जे. मॅकॉनेल, रोजची 18 मिनिटं: पैसे वसूल होतात का?

आधीच कबूल करते, या बाबतीत माझं मन स्वच्छ नाही. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तीन वर्षं मी बदली पॉइंट गार्ड होते, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारी. पहिली मुलगी दमली की सर माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे, नावही घ्यायचे नाहीत. तेव्हापासून बाकावरून उठून येणारा बुटका गार्ड दिसला की मी त्याच्या बाजूची. दादाला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो मुद्दाम खोडी काढतो. "अगं, अठरा मिनिटं पळणाऱ्या माणसाला साडेचार कोटी डॉलर? तेवढ्यात लांबून बास्केट करणारे दोन शूटर आले असते."

तर हे परीक्षण दादासाठी. सेवा: बदली पॉइंट गार्ड. नमुना: एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या इंडियाना पेसर्सचा टी. जे. मॅकॉनेल. उंची 6 फूट 1 इंच. 2015 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत) एकाही संघाने निवडला नाही, फिलाडेल्फियाने जागा दिली, 2019 पासून इंडियानात आहे. 2024 मध्ये पेसर्सनी त्याचा करार चार वर्षांनी वाढवला तो जवळपास साडेचार कोटी डॉलरचा. हीच ती दादाला खुपणारी रक्कम.

आधी किमतीचं बघू. वर्षाला सरासरी 1 कोटी 10 लाखांच्या थोडं वर. 2025-26 ची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) 15 कोटी 46 लाख डॉलर, म्हणजे त्यातले सात टक्के याचे. आता मिनिटं मोजा. सामना 48 मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण, संघाकडे वाटायला एकूण 240 मिनिटं. त्यातली हा 18 खेळतो, म्हणजे साडेसात टक्के. सात टक्के पैसे, साडेसात टक्के काम. मी हा हिशोब दादाला पाठवला तेव्हा मला वाटलं, संपला विषय.

दादा असा ऐकणारा नाही. "हिशोब बरोबर आहे, पण तू बाजारभाव बघितलाच नाहीस. किमान पगारावर मिळणारे गार्ड रांगेत उभे आहेत. तेही 18 मिनिटं पळतीलच की. आणि मेहनत करतो, मेहनत करतो काय लावलंय? मेहनत ही अट आहे, त्याचे जादा पैसे कसले?"

हा मुद्दा खरा आहे आणि मला बरेच दिवस टोचत होता. मेहनतीचं कौतुक करणाऱ्या आम्हा लोकांची एक खोड असते: जमिनीवर झोकून दिलं, गुडघा सोलला, की टाळ्या. त्या झोकून देण्यातून समोरच्याचं काय बिघडलं हे कुणी विचारत नाही. म्हणून गेल्या काही महिन्यांत मी याचे जुने सामने काढून बसले आणि चेंडूकडे न बघता शॉट क्लॉककडे बघत राहिले.

शॉट क्लॉक 24 सेकंदांचा, तेवढ्यात शॉट घ्यावाच लागतो. अर्धी रेषा ओलांडायला 8 सेकंद. एरवी समोरचा गार्ड चेंडू घेऊन आरामात चालत येतो, रेषा ओलांडतो तेव्हा घड्याळात 20-21 उरलेले असतात. मॅकॉनेल असला की तो बेसलाइनपासूनच (मैदानाच्या टोकाच्या रेषेपासून) अंगाला चिकटतो. चेंडू हिसकावतोच असं नाही, बहुतेक वेळा नाहीच. पण त्या गार्डला पाठ फिरवून, वाकडंतिकडं होत यावं लागतं. रेषा ओलांडेपर्यंत 17 झालेले. मग सेंटर (संघातला उंच गडी) वर येणार, पिक लावणार (आडवा उभा राहून बचावपटूला अडवणार), पहिली चाल फसणार, आणि दुसरी चाल रचायला वेळच नाही. शेवटी कुणीतरी हात वर असताना कसाबसा फेकतो. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीत) हे मॅकॉनेलच्या नावावर कुठेच लागत नाही. त्या तीन-चार सेकंदांचे पैसे आहेत, असं माझं म्हणणं. किमान पगारवाला हे एकदा करेल, जोशात असला तर दोनदा. दर पझेशनला (चेंडू समोरच्यांकडे आला की दर वेळी), ऑक्टोबर ते जून, तेही तिशी उलटल्यावर? तसे फार कमी सापडतात.

आता ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला तो क्षण सांगते. 2025 ची फायनल्स, म्हणजे विजेतेपदाची मालिका, पेसर्स विरुद्ध ओक्लाहोमा सिटी थंडर, 11 जूनचा गेम 3. पेसर्सनी बास्केट केलं. असं झालं की चेंडू बेसलाइनबाहेरून आत द्यायचा असतो, आणि ही बास्केटबॉलमधली सगळ्यात निवांत जागा. सगळ्यांची तोंडं पुढे, देणारा अर्धवट लक्ष देऊन चेंडू टाकतो. मॅकॉनेल इतरांसारखा मागे पळत निघाल्याचं दाखवतो. दोन पावलं. खांदे सैल, नजर भलतीकडे. चेंडू हातातून सुटायच्या क्षणी गर्रकन वळतो आणि पासच्या मधे हात घालतो. बास्केट दोन हातांवर आणि समोर सगळे पाठमोरे. त्या रात्री हे एकदा होऊन थांबलं नाही. गडी जगातल्या सगळ्यात शिस्तबद्ध संघाच्या खिशात पुन्हा पुन्हा हात घालत होता. 10 गुण, 5 असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्याने बास्केट केलं असे पास), 5 स्टील (हिसकावलेले चेंडू), सगळं बाकावरून येऊन. पेसर्स 116-107 ने जिंकले आणि मालिकेत 2-1 ने पुढे गेले.

तसं हे त्याचं जुनं दुकान. मार्च 2021 मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध त्याने एका सामन्यात 10 स्टील केले होते, त्यातले 9 पहिल्याच हाफमध्ये. एका हाफमध्ये 9 हा एनबीएचा विक्रम झाला. न्यू ऑर्लिन्सकडून खेळताना होजे अल्वाराडोनेही असलाच धंदा केला, पण त्याची तऱ्हा वेगळी. तो कोपऱ्यात लपून बसायचा आणि चेंडू घेऊन निघालेल्या गार्डच्या मागून यायचा. बघायला त्यात जास्त मजा. टिकायला मॅकॉनेलची रीत बरी, कारण लपून बसणारा एकदा कळला की कळला.

आक्रमणाचं थोडक्यात. तीन गुणांचा शॉट हा क्वचित घेतो. त्याचा मार्ग ठरलेला: ड्रिबल करत बास्केटखाली घुसायचं, शॉट न घेता तसंच बेसलाइनने पलीकडे निघायचं, बचाव करणाऱ्यांच्या माना फिरल्या की पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या चौकोनात) वळून छोटा जंपर, म्हणजे उडी मारून घेतलेला शॉट, टाकायचा. सगळ्यांना माहीत आहे. तरी होतं.

आता कुरकुर. पहिली तक्रार उंचीची, आणि तिला औषध नाही. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) समोरचा संघ मुद्दाम तो ज्याला अडवतोय त्या माणसाकडून पिक लावून घेतो, स्विच होतो (बचावपटूंची माणसं बदलतात), आणि थंडरच्या 6 फूट 6 इंचांच्या शे गिलजस-अलेक्झांडरसमोर हा उभा. पाय कितीही हलवले तरी शॉट त्याच्या डोक्यावरूनच जाणार. दुसरी, तो बाहेरून शॉट घेत नाही म्हणून त्याचा बचावपटू खुशाल त्याला सोडून पेंटमध्ये गर्दी करतो आणि बाकीच्या चौघांची जागा आवळली जाते. दादाचे ते दोन शूटर इथे उपयोगी पडले असते, हे मी त्याच्यासमोर कबूल करत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आणि ती 22 जून 2025 च्या गेम 7 मध्ये उघडी पडली. पहिल्याच क्वार्टरमध्ये पेसर्सचा मुख्य गार्ड टायरीस हॅलिबर्टन कोसळला. अकिलिस टेंडन तुटला. बदली गार्ड ज्या दिवसासाठी ठेवतात तो दिवस हाच, आणि तो फायनल्सच्या शेवटच्या सामन्यात आला. हाफला पेसर्स 48-47 असे एका गुणाने पुढे होते. मॅकॉनेलने 16 गुण केले. पण 7 टर्नओव्हरही केले, म्हणजे सात वेळा चेंडू घालवला, आणि थंडर 103-91 ने जिंकले. दादाने त्या रात्री फक्त "7" एवढाच मेसेज केला होता. मी उत्तर दिलं नाही.

उत्तर आता देते. 18 मिनिटांसाठी बांधलेलं इंजिन 30 मिनिटं पळवलं की तापतं. बेसलाइनपासून बचाव करायचा आणि वर प्रत्येक वेळी चेंडूही आपणच आणायचा, ही दोन पूर्ण माणसांची कामं. मला आठवतंय, आमची पहिली मुलगी आजारी होती तेव्हा मी एकदा अख्खा सामना खेळले. शेवटच्या दहा मिनिटांत माझे पास सहकाऱ्यांच्या घोट्यांवर जात होते. दिसत होतं कुठे द्यायचं, हात ऐकत नव्हते. तेव्हा मॅकॉनेलला बदली गार्ड म्हणूनच घ्या. मुख्य गार्डची विमा पॉलिसी म्हणून घ्याल तर पस्तावाल.

याच जातीचे बाकीचे नमुनेही बघून घ्यावेत. मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा आठवतो? हाही ड्राफ्टमध्ये न निवडलेला. 2015 च्या फायनल्समध्ये मुख्य गार्ड कायरी अर्व्हिंगचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला आणि क्लीव्हलँडने याला उतरवलं. दुसऱ्या सामन्यात समोरच्या गोल्डन स्टेटच्या स्टेफन करीचे 23 पैकी 5 शॉट पडले, त्यातला बराच वेळ हा त्याच्या छाताडावर होता. तिसऱ्यात याने स्वतः 20 गुण केले आणि सामना संपल्यावर पायात गोळे येऊन थेट हॉस्पिटलात. लोक वेडे झाले होते, मीसुद्धा. पण क्लीव्हलँड मालिका 4-2 ने हरलं हे त्या वेडात सगळे विसरले. 2016 मध्ये मिलवॉकीने त्याला चार वर्षांचे 3 कोटी 84 लाख देऊन नेलं. घाम तोच, माणूस तोच, पण तो शोभला नाही. क्लीव्हलँडमध्ये चेंडू लेब्रॉन जेम्सच्या हातात असायचा, याला फक्त चिकटायचं आणि उघडा शॉट मारायचा. तिकडे खेळ रचायची जबाबदारी अंगावर आली. डिसेंबर 2018 मध्ये तो ट्रेडमधून परत क्लीव्हलँडला. दादाचा आक्षेप या व्यवहाराला शंभर टक्के लागू पडतो: मिलवॉकीने घामाचेच पैसे मोजले होते.

उलट जे. जे. बारिया. 2011 च्या फायनल्समध्ये डॅलस मायामीविरुद्ध 2-1 ने मागे होतं. प्रशिक्षकाने चौथ्या सामन्यापासून या बुटक्याला थेट सुरुवातीच्या पाचांत घातलं आणि डॅलसने ओळीने तीन सामने जिंकून विजेतेपद नेलं. तो प्रशिक्षक कोण? रिक कार्लाइल. आणि मॅकॉनेलच्या गेम 3 ला पेसर्सच्या बाकासमोर उभा होता तोही कार्लाइलच. बारिया पुढे मिनेसोटाला गेला आणि 2014 मध्ये पुन्हा कार्लाइलच्या डॅलसला आला. मला यात योगायोग दिसत नाही. या माणसाला ठाऊक आहे की असा गार्ड उतरवायचा तर त्याच्यासोबतचे चौघेही पळणारे हवेत. पेसर्सचा वेग कमी होण्याऐवजी मॅकॉनेल आल्यावर वाढतो, आणि समोरच्या संघाचे मुख्य खेळाडू नेमके तेव्हाच धापा टाकत असतात. हाच गार्ड संथ, पोस्टमध्ये (बास्केटजवळ उभ्या उंच गड्याला) चेंडू देऊन बघत बसणाऱ्या संघात टाका. पैसे पाण्यात.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो उंचीसाठी, आणि त्या सातसाठी. पळणारा संघ असेल, मुख्य गार्ड 34 मिनिटांहून जास्त खेळवायचा नसेल आणि दोन बरे शूटर आधीच असतील तर डोळे मिटून घ्या. नाही तर दादाचं ऐका.

परवा तो घरी आला तेव्हा त्याला गेम 3 मधला तो इनबाउंड पास दाखवला. काही बोलला नाही. रिमोट माझ्या हातातून घेतला, मागे नेलं, पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा पॉज करून पडद्याजवळ गेला आणि मॅकॉनेलच्या पायांकडे बोट दाखवत म्हणाला, "हे बघ, वजन आधीच डाव्या पायावर घेतलंय. हा परत जाणारच नव्हता."

मग सोफ्यावर बसत म्हणाला, "तरी पण, दोन शूटर."