दबलेला मणका आणि रोजचं जगणं: रोलंड-मॉरिस, ऑस्वेस्ट्री की क्वालेफो?

हाडं ठिसूळ होऊन मणका दबला की डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि एक्स-रे होतात, पण आजींना स्वतःची वेणी घालता येते का, भरलेली कळशी उचलता येते का, हे त्यांत दिसत नाही. त्यासाठी प्रश्नावली लागते. रोलंड-मॉरिस, ऑस्वेस्ट्री आणि क्वालेफो या तीन प्रश्नावलींपैकी ओपीडीत किंवा प्रबंधासाठी कोणती घ्यावी, हे ठरवणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आणि पीजी विद्यार्थ्यांसाठी हे लिहितेय.

रोलंड-मॉरिस १९८३ची. २४ विधानं, उत्तर हो किंवा नाही. गुण जास्त तेवढं अपंगत्व जास्त. विचारायचं फक्त आजच्या दिवसाबद्दल, म्हणून ताज्या फ्रॅक्चरनंतर दर आठवड्याला होणारा फरक टिपायला ती सोयीची. मणक्यात सिमेंट भरण्याचा उपयोग तपासणाऱ्या २००९च्या एका मोठ्या चाचणीत तिचीच २३ विधानांची आवृत्ती वापरली होती. महिन्याभराने सिमेंट भरलेल्यांचे आणि सिमेंट न भरता नुसता उपचाराचा देखावा केलेल्यांचे गुण जवळपास सारखेच निघाले. अडचण एकच, पण मोठी: विधानं ‘पाठीमुळे’ काय जमत नाही एवढंच विचारतात. सत्तरीतल्या बाईंचे गुडघेही गेलेले असतील, तर जिना कशामुळे चढवत नाही हे त्यांना सांगता येत नाही.

ऑस्वेस्ट्रीत दहा विभाग, प्रत्येकी ० ते ५ गुण आणि शेवटी टक्केवारी. अपंगत्व फार जास्त असेल तिथे ती बरी. लैंगिक जीवनाचा विभाग वयस्कर बायका बहुधा कोराच ठेवतात. तो वगळून उरलेल्या विभागांवर टक्केवारी काढता येते.

मात्र या दोन्ही मुळात कंबरदुखीच्या. मणक्याचं फ्रॅक्चर अनेकदा दुखण्यावाचून होतं. उंची घटते, पोक येतं, पोट पुढे येतं, ब्लाउज बसेनासा होतो, बाई लग्नकार्याला जायचं टाळू लागते. क्वालेफो-४१ हे थेट विचारते: शरीराचा आकार बदलल्याचा त्रास होतो का, पूर्ण परावलंबी होण्याची भीती वाटते का. ती याच रुग्णांसाठी बनवली आहे, त्यामुळे जुनं फ्रॅक्चर आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा असेल तर मी निःशंकपणे तिचाच आग्रह धरेन. वेळ जास्त जातो, तो द्यावा. गुण ० ते १००, आणि १०० म्हणजे सर्वांत वाईट. एसएफ-३६ (एकूण आरोग्याची सर्वसाधारण प्रश्नावली) सोबत घेणार असाल तर जपा, तिथे १०० सर्वांत चांगले. तक्त्यात दोन्ही शेजारी मांडताना हमखास गोंधळ होतो.

क्वालेफोत बागकाम, नाटक-सिनेमा असेही प्रश्न आहेत. त्यांच्या जागी आपल्या मनाने दुसरे घालू नका, गुणांची तुलनाच होणार नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं, भारतीय शौचालय वापरणं, हंडा उचलणं यांची वेगळी नोंद ठेवा, बेरजेत न धरता.

यातली कोणतीही निवडली तरी खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसण्याची चाचणी जोडाच. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, आणि या रुग्णांत पुढचं फ्रॅक्चर खुब्याचंही असू शकतं.