डायनो-व्ही-२: वीस फोटोंत बोंबील ओळखेल, ताजा आहे का ते विचारू नका

ससून डॉकवर उतरणारी मासळी फोटोवरून ओळखायची, तर खरं घोडं अडतं ते लेबलांपाशी. हजारो फोटोंवर पापलेट, हलवा, बांगडा, रावस अशी नावं लिहीत बसणार कोण? मेटाने २०२३ साली काढलेलं डायनो-व्ही-२ हे फोटोंतली वैशिष्ट्यं टिपणारं एआय मॉडेल इथे कामाला येतं. निवडून घेतलेल्या १४ कोटी २० लाख फोटोंवर ते एकही लेबल न वापरता शिकलंय. सुरुवातीचा परवाना धंद्यासाठी वापरू देत नव्हता. त्याच वर्षी तो बदलून अपाची २.० झाला, म्हणजे धंद्यालाही मोकळा. २०२५ मधलं डायनो-व्ही-३ नवं खरं, पण त्याचा परवाना मेटाचा स्वतःचा, तो आधी नीट वाचून घ्यावा.

चार आकारांपैकी सर्वांत लहान, एस-१४, पुरतो. २ कोटी १० लाख पॅरामीटर (शिकताना ठरलेले आतले आकडे), फाइल ९० एमबीच्या आत, ग्राफिक्स कार्डाविना साध्या लॅपटॉपवर चालतो. इमेजनेट या फोटो ओळखण्याच्या नेहमीच्या चाचणीत, मॉडेलच्या वर एक साधा लिनिअर वर्गीकरणाचा थर लावून, त्याची अचूकता ८१.१ टक्के, सर्वांत मोठ्या जी-१४ ची ८६.५. साडेपाच टक्क्यांपायी पन्नासपट ओझं कशाला वाहायचं?

मॉडेलला हात लावायचा नाही. प्रत्येक फोटोतून ३८४ आकड्यांचा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची यादी, काढायचा, त्याची लांबी १ करून घ्यायची (म्हणजे सगळे एकाच मापात येतात) आणि त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन ही वर्गीकरणाची साधी पद्धत चालवायची. माशाच्या प्रत्येक प्रकाराचे वीस फोटो असतील तर सर्वांत जवळचे पाच फोटो बघून नाव ठरवणंही चालतं. शंभर फोटोंवर अख्खं मॉडेल पुन्हा शिकवायला गेलात, तर ते तेवढे शंभर पाठ करून बसेल.

फोटोच्या मापात बरेच जण फसतात. पिक्सेलमधल्या लांबी-रुंदीला १४ ने पूर्ण भाग जायला हवा: २२४ चालतं, २५६ दिलं की मेटाच्या मूळ कोडमध्ये एरर. नेहमीच्या कोडमध्ये लहान बाजू २५६ करून मधला २२४ चा चौकोन कापतात. गोलसर पापलेट त्यात बसतं. आडव्या सुरमईचं डोकं आणि शेपूट दोन्ही जातं, उरतो नुसता मधला तुकडा. त्यापेक्षा कडेला राखाडी पट्टी जोडून फोटो चौकोनी करावा, मग २२४ वर आणावा.

दुसरी फसगत क्रेटची. बांगड्याचे सगळे फोटो निळ्या क्रेटमधले असले, तर निळा रंग म्हणजेच बांगडा अशी समजूत होते, आणि चाचणीतही निळाच क्रेट असला की आकडा झकास येतो. म्हणून एका क्रेटचे वीस फोटो काढण्यापेक्षा दहा क्रेटचे दोन-दोन काढा: वेगळे दिवस, वेगळा उजेड, बर्फाची चमक असलेले आणि नसलेले. चाचणीचे क्रेट पूर्ण वेगळे ठेवा. एकाच क्रेटचे फोटो दोन्हीकडे वाटले गेले, तर ती परीक्षा नव्हे, पेपरफुटी. आणि साठ फोटोंपैकी ५४ बरोबर आले म्हणून ९० टक्क्यांचा डंका पिटू नये. एवढ्याशा नमुन्यावर खरा आकडा ८० ते ९५ मध्ये कुठेही असू शकतो.

आता उणी बाजू. शिकताना या मॉडेलला एकाच फोटोचे रंग बदललेले, कृष्णधवल केलेले, लहान-मोठे कापलेले तुकडे दाखवून 'हे एकच' असं बिंबवलेलं असतं. त्यामुळे रंगाच्या आणि आकारमानाच्या फरकाकडे त्याचा कल कमी. चंदेरी पापलेट आणि काळसर हलवा वेगळे करायला अंगाची ठेवण मदतीला येते, पण कल्ले लाल आहेत की तपकिरी पडलेत, यावर ताजेपणा ठरवायचा तर त्याच्यावर विसंबू नये. त्यासाठी कल्ल्यांचा जवळून, एकाच उजेडात फोटो घेऊन रंग थेट मोजलेला बरा. पापलेटचा भाव मापावर ठरतो. तिथे फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवल्याशिवाय कुठलंच मॉडेल माप सांगू शकणार नाही, आणि पट्टी ठेवलीच तर या मॉडेलची गरजही उरत नाही.

प्रकार ओळखायला पाचपैकी साडेचार. ताजेपणाला एक, तोही फुकट मिळतं म्हणून.