हॉलमधली युरो हॉकी पाहावी की मैदानावरची?

युरोपातल्या देशांच्या पुरुष हॉकी संघांसाठी अजिंक्यपदं दोन आहेत. एक ऑगस्टच्या आसपास, निळ्या टर्फवर, अकरा-अकरा जणांचं. दुसरं ऐन थंडीत, बंद हॉलमधल्या कोर्टवर, गोलरक्षक धरून सहा-सहा जणांचं. पहिल्याची आपल्याकडच्या हॉकीप्रेमींना ओळख करून द्यावी लागत नाही, कारण त्यातले बरेच चेहरे भारताविरुद्ध खेळताना पाहिलेले असतात. दुसऱ्याचं नाव काढलं की हमखास विचारणा होते, ‘म्हणजे ते हॉकी फाइव्हज ना?’ ते नव्हे. २०२३ मध्ये ओमानमधल्या सलालाहला भारताने पाकिस्तानला हरवून आशिया चषक जिंकला, ते फाइव्हज, पाच-पाच जणांचं. त्यात मैदान छोटं, पण खेळ टर्फवरचाच. इनडोअर हॉकी त्याहून जुनी. १९५० च्या दशकात जर्मनीत, बाहेर गारठ्याने मैदानं बंद पडतात म्हणून ती रुजली आणि पुरुषांचं पहिलं युरोपियन इनडोअर अजिंक्यपद १९७४ मध्ये पश्चिम बर्लिनला झालं.

जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, बेल्जियममध्ये कामानिमित्त राहणाऱ्या आणि एखाद्या स्पर्धेसाठी सुट्टी-तिकीट करायला तयार असलेल्या मराठी माणसाने यातलं काय निवडावं, एवढ्यापुरतंच हे लिहितोय. घरी बसून मोबाइलवर बघणाऱ्यांसाठीही थोडं आहे.

एक अडचण नियोजनातच सुटलेली आहे. मैदानी स्पर्धा विषम वर्षी येते : २०१७ आणि २०२१ ला अ‍ॅमस्टलवेन, २०१९ ला अँटवर्प, २०२३ आणि २०२५ ला म्योन्शनग्लाडबाख. इनडोअर सम वर्षी : २०१८ अँटवर्प, २०२० बर्लिन, २०२२ हॅम्बुर्ग, २०२४ लुव्हेन. म्हणजे तारखांची टक्कर नाही. प्रश्न उरतो तो पैशांचा, रजेचा आणि आवडीचा.

आता खेळाकडे येऊ, कारण खरा फरक तिथेच आहे.

मैदानी हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. इनडोअरचं कोर्ट जास्तीत जास्त ४४ बाय २२ मीटर. डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोलाकार भाग, ९ मीटरची, गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. दोन्ही बाजूंना साइडलाइनच्या जागी १० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पट्ट्या लावलेल्या असतात, त्यांना नुसतं बोर्ड म्हणतात. चेंडू तिथून बाहेर जात नाही, आपटून परत येतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इथे हिट मारायला परवानगीच नाही. फक्त पुश (स्टिकने ढकलणं), फ्लिक (ढकलता ढकलता उचलणं) किंवा स्टिकने वळवणं. चेंडू जमिनीवरून उचलायचा तो फक्त डीमधून गोलवर फटका मारताना. आपल्याकडे हॉकी म्हटलं की जो लांबलचक स्कूप (उचलून हवेतून टाकलेला चेंडू) किंवा मागून मारलेला सणसणीत हिट डोळ्यांपुढे येतो, तो इथे थेट फाउल.

हे वाचताना खेळ गुळमुळीत वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं. हिट गेला की उरतं ते कोनांचं गणित. बचाव करणारा खेळाडू जवळजवळ बसतो आणि स्टिक आडवी, थेट जमिनीला टेकवून ठेवतो, म्हणजे पासचा अख्खा रस्ताच बंद. त्याचा डावा हात कोर्टवर घासत असतो, म्हणून बहुतेकांच्या त्या एका हातात जाड, पॅड लावलेला ग्लोव्ह दिसेल. समोरच्याने काय करायचं? बोर्डवर चेंडू मारायचा, त्या आडव्या स्टिकच्या मागे तो निघतो आणि तिथे आपला गडी आधीच धावत पोचलेला असतो. कॅरम खेळलेल्या माणसाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पेनल्टी कॉर्नरलाही (फाउलनंतर गोलरेषेवरून चेंडू आत देऊन मिळणारी संधी) तसंच. गोलरक्षक गोलमध्ये, बाकीचे बचावपटू चेंडू जिथून येणार त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे. चेंडू डीबाहेर जाऊन थांबतो आणि फटका बसतो हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत आटोपतं. मैदानी कॉर्नरला रनर (फटका अडवायला गोलमधून धावणारा बचावपटू) कसा सुटतो, ड्रॅग फ्लिकर (चेंडू ओढत गोलवर फ्लिक करणारा) कुठला कोपरा निवडतो हे निवांत पाहता येतं. इथे रिप्ले लागेपर्यंत पुढचा हल्ला सुरू झालेला असतो.

त्यामुळे धावफलक वेगळे दिसतात. २०२३ च्या मैदानी युरोची अंतिम लढत नेदरलँड्सने इंग्लंडविरुद्ध २-१ ने जिंकली. २०२५ ला जर्मनी-नेदरलँड्स १-१ वर अडकले आणि शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकाला चकवायचं त्यात, जर्मनी जिंकली. त्याच २०२३ सालात प्रिटोरियाला इनडोअर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्स ८-८ वर बरोबरीत सुटले, मग शूटआउट ऑस्ट्रियाने घेतला. चाळीस मिनिटांत सोळा गोल. दहा-दहा मिनिटांचे चार भाग, बारा जणांचा संघ, सारखी अदलाबदल. तीन गोलांची आघाडी मैदानावर सामना संपवते, हॉलमध्ये तेवढ्यावर कोणी निश्चिंत होत नाही. मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवतो, रिकाम्या गोलवर लांबून चेंडू सरपटत जातो आणि सगळा हॉल उभा राहतो.

ऑस्ट्रियाचं नाव आलंच आहे, तर तिथे थोडं थांबतो. मैदानी हॉकीत ऑस्ट्रिया पदकाच्या चर्चेत नसतो. इनडोअरमध्ये तोच देश दोन वेळचा विश्वविजेता. २०१८ ला बर्लिनच्या माक्स श्मेलिंग हॉलमध्ये त्यांनी जर्मनीला तिच्याच प्रेक्षकांसमोर ३-३ नंतर शूटआउटमध्ये हरवलं. गोलरक्षक माटेउश शिमचिक आणि मिखाएल क्योर्पर ही त्या संघातली नावं. १९७४ पासून विसावं शतक संपेपर्यंत इनडोअर युरो प्रत्येक वेळी जर्मनीनेच जिंकलं होतं (आधी पश्चिम, मग एकत्र), हे लक्षात घेतलं तर त्या रात्रीचं वजन कळेल. पोलंडचंही तसंच. पहिल्या तिन्ही इनडोअर विश्वचषकांत जर्मनीसमोर अंतिम सामन्यात तेच होते, तिन्ही वेळा हरले. मैदानी हॉकीची उतरंड इथे चालत नाही आणि मला स्वतःला इनडोअरचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तुम्हाला नावं पाहायची असतील, तर हॉलमध्ये निराशा होईल. नेदरलँड्सचे मैदानी तारे सहसा इनडोअर खेळत नाहीत, त्यांचा हॉलचा संघ वेगळ्या, त्या खेळात मुरलेल्या मंडळींचा असतो. हिवाळ्यात प्रो लीग या देशादेशांमधल्या मैदानी स्पर्धेचे सामनेही असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये डच मैदानी संघ भुवनेश्वर-रौरकेल्यात खेळत होता. जर्मनीत मात्र क्लबच्या खेळाडूंचा हिवाळा हॉलमध्येच जातो, त्यामुळे ओळखीचा एखादा चेहरा दिसू शकतो. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले ज्या श्टुटगार्टर किकर्सकडून खेळला, तसे क्लब तिथे उन्हाळ्यात टर्फवर आणि थंडीत हॉलमध्ये असे दोन संसार चालवतात.

आणि पणाला काय लागलंय, याचाही फरक मोठा आहे. ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीचं मैदानी युरो जिंकलं की ऑलिंपिकचं दार उघडतं, २०१९ ला बेल्जियमसाठी आणि २०२३ ला नेदरलँड्ससाठी ते उघडलं. इनडोअर हॉकी ऑलिंपिकमध्ये नाही. तिथून वाट जाते ती इनडोअर विश्वचषकाकडे.

खर्चाचं आणि सोयीचं. मैदानी स्पर्धा आठवडाभर किंवा जास्त चालते, पुरुष-महिला दोन्ही एकाच ठिकाणी. कुटुंबाला घेऊन जायचं, दिवसभर उन्हात बसायचं, मुलींना महिलांचे सामने दाखवायचे, तर तिला तोड नाही. अ‍ॅमस्टलवेनचं वागेनर स्टेडियम तर भारतीयांच्या मोठ्या वस्तीजवळच आहे. केशरी कपड्यांतल्या डच प्रेक्षकांच्या गर्दीचा अनुभव वेगळाच. इनडोअर बहुतेक वेळा लांबलेल्या वीकेंडपुरतं, आणि पुरुषांची-महिलांची स्पर्धा वेगवेगळ्या शहरांत (हॅम्बुर्ग अपवाद). पण एका दिवसात एकामागून एक सामने होतात, सोमवारी कामावर हजर राहता येतं आणि पावसाची भीती नाही. शनिवारी सकाळी आत शिरायचं, बाहेर पडेपर्यंत अंधार झालेला.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळ महत्त्वाची. उन्हाळ्यात युरोप साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तिकडचा संध्याकाळी सहाचा इनडोअर सामना आपल्याकडे साडेदहाला लागतो, चाळीस मिनिटांचा असल्याने बाराच्या आत संपतो. उन्हाळ्यातली साडेआठची मैदानी लढत मध्यरात्री सुरू होते. युरोहॉकी टीव्हीवर सामने दिसतात. छोट्या पडद्यावर इनडोअर जास्त चांगलं दिसतं असं माझं मत आहे, कारण कॅमेऱ्यात अख्खं कोर्ट मावतं आणि चेंडू शोधत बसावं लागत नाही.

माझा कौल असा : आयुष्यात एकदाच युरोपातली हॉकी बघायची असेल आणि मन ऑलिंपिक, विश्वचषक, भारताचे प्रतिस्पर्धी यांत रमत असेल, तर मैदानी युरो. मुलगा किंवा मुलगी स्वतः हॉकी खेळत असेल, तर बिनधास्त हॉल. चेंडू झाकणं, पहिला स्पर्श, पास कुठून निघेल याचा अंदाज, हे सगळं तिथे दहा-पंधरा मीटरवरून दिसतं. दोन्ही जमत असेल, तर आधी हॉल पाहा. नंतर मैदानी सामना बघताना डीच्या आसपासच्या छोट्या हालचाली आपोआप दिसायला लागतात.

हॉलचं तिकीट काढताना सगळ्यात पुढची रांग घेऊ नका. तुमच्याकडचा बोर्ड तिथून नीट दिसत नाही आणि निम्मा खेळ त्या बोर्डवरच असतो. कोपऱ्याच्या बाजूची, मधल्या उंचीवरची जागा बघा.