एकच रात्र मिळाली तर: पॅरिस १८३२ की पीटर्सबर्ग १८९०?

समजा, मागच्या काळात जाऊन बॅले बघायला तुम्हाला एकच रात्र मिळाली. माझ्या मते खरी निवड दोन रात्रींमध्येच आहे. एक, १२ मार्च १८३२: पॅरिसच्या ऑपेरात मारी ताग्लियोनी ‘ला सिल्फीद’मध्ये पहिल्यांदा नाचली ती रात्र (सिल्फीद म्हणजे पंखांची, हवेत वावरणारी परी). दुसरी, १५ जानेवारी १८९०: सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात ‘स्लीपिंग ब्यूटी’चा पहिला प्रयोग झाला ती. (तिथल्या जाहिरातीवर ३ जानेवारी दिसेल. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं, तेव्हा तारखेचा घोळ करू नका.)

आधी कपड्यांचं बोलू, कारण बहुतेकांचा जीव तिथेच अडकलेला असतो. ताग्लियोनीच्या अंगावर घट्ट चोळी, उघडे खांदे आणि पोटरीपर्यंत येणारा घंटेसारखा पांढरा झगा. पाठीवर चिमुकले पंख, डोक्यावर फुलांचं कडं, मधोमध भांग. समोर बसलेल्या बायकांचे झगेही कमरेला आवळलेले आणि खाली घेरदारच होते. फक्त त्यांच्या बाह्या उशीसारख्या फुगलेल्या, वर फिती, दागिने, रंग. म्हणजे रंगमंचावर त्यांना त्यांचीच फॅशन दिसत होती, पण सगळा भार उतरवून ठेवलेली. त्या रात्रीनंतर पांढरा झगा बॅलेची ओळखच होऊन बसला, त्यामागे हे एक कारण असावं असं मला वाटतं.

त्यात गॅसच्या दिव्यांची भर. पॅरिस ऑपेरात गॅस १८२२ मध्ये आला. त्या मऊ, थरथरत्या उजेडात पांढऱ्या तलम कापडाचे थर कसे दिसले असतील, हे आज कुठल्याच थिएटरात कळणार नाही. विजेचा दिवा थरथरत नाही.

पण याच उजेडाने जीवही घेतले. झगे टार्लटनचे असत, म्हणजे खळ देऊन ताठ केलेल्या विरळ सुती मलमलीचे. ते क्षणात पेटायचे. ताग्लियोनीची लाडकी शिष्या एमा लिव्हरी हिचा झगा नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी गॅसच्या ज्योतीवर गेला आणि आठ महिने यातना सोसून ती गेली. आग न धरणारं कापड तेव्हा मिळत होतं. पण ते राठ आणि मळकट दिसतं म्हणून तिने ते नाकारलं होतं. त्या काळच्या फॅशनचं कौतुक करताना ही मुलगी मला विसरता येत नाही.

पीटर्सबर्गला झगा गुडघ्यापर्यंत वर आलेला दिसेल. ही नुसती हौस नव्हती. इटलीतून आलेल्या नर्तिकांचं पायांचं काम इतकं वेगवान आणि कठीण होतं की ते लांब झग्यात लपून गेलं असतं. १८८५ मध्ये व्हर्जिनिया झुक्की पीटर्सबर्गला आली तीच आखूड झग्याचा आग्रह धरून. बुटांचंही तसंच. ताग्लियोनीचे बूट म्हणजे साटनच्या मऊ सपाता, चवड्याला आणि कडांना दोऱ्याने रफू केलेल्या. आत आधार काहीच नाही, त्यामुळे ती बोटांच्या टोकावर क्षणभरच उभी राहायची. इटालियन बुटांचं टोक कडक होतं. त्याच्या जोरावर ‘स्लीपिंग ब्यूटी’त राजकन्या झालेली मिलानची कार्लोत्ता ब्रियान्झा चार राजपुत्रांचा हात एकेक करून सोडत एका पायावर तोल सांभाळू शकली.

तेव्हा नाच बघायचा असेल तर पीटर्सबर्गच. मारियुस पेतिपाची रचना, चायकोव्स्कीचं संगीत, प्रस्तावना आणि तीन अंक. पोशाखांची चित्रं खुद्द शाही थिएटरांचे संचालक व्सेव्होलोझ्स्की यांनी काढलेली, चौदाव्या लुईच्या दरबाराचा थाट दाखवणारी. दुष्ट परी कॅराबोस आणि निळा पक्षी ही दोन्ही कामं एन्रिको चेकेत्तीने एकाच रात्री केली. असं पुन्हा सहज बघायला मिळत नाही.

प्रेक्षागृहाबाहेरचा हिशोबही करायला हवा. पीटर्सबर्गच्या नर्तिका झारच्या पगारावर, शाही शाळेत शिकलेल्या, पुढे पेन्शनच्या हक्कदार. पॅरिसला १८३१ मध्ये ऑपेरा व्हेरोन नावाच्या व्यावसायिकाच्या हाती गेला आणि त्याने नर्तिकांचं सरावाचं दालन श्रीमंत वर्गणीदार पुरुषांना खुलं केलं. तिथे गरीब घरच्या पोरींवर काय वेळ येत असे, ते सांगायला नको. मध्यंतरात त्या बाजूला फिरकू नका. तिथे बघण्यासारखं काही नाही.

मराठी वाचकाला तिसरा मोह होईल: पेतिपाचं १८७७ चं ‘ला बायादेर’, कारण त्याची कथा गोवळकोंड्याच्या राजाच्या दरबारात घडते आणि नायिका देवदासी आहे. माझं ऐकाल तर त्यासाठी ही रात्र खर्चू नका. त्यातला सावल्यांचा प्रवेश अप्रतिम आहे, पण तो आजही बघता येतो. आणि त्यातला हिंदुस्थान आपला नव्हेच. तमिळ मुलखातल्या खऱ्या देवदासी १८३८ मध्ये पॅरिसला जाऊन नाचल्या होत्या. तरी चाळीस वर्षांनी रंगमंचावर आली ती युरोपीय झग्यातलीच देवदासी.

माझं मत पॅरिसला, आणि त्याचं कारण एकच आहे. पीटर्सबर्गचं बरंच काही हाती राहिलंय. पेतिपाची बॅले स्तेपानोव्हच्या नृत्यलिपीत उतरवली गेली, क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्हने ते कागद रशियाबाहेर नेले आणि आज ते हार्वर्डमध्ये आहेत. त्यांच्या आधाराने १९९९ मध्ये मारिइन्स्कीने जुनी ‘स्लीपिंग ब्यूटी’ पुन्हा उभी केली. १८३२ चा नाच मात्र कुणीच असा लिहून ठेवला नाही. आज ‘ला सिल्फीद’ म्हणून बहुतेक ठिकाणी दिसतं ते डॅनिश नृत्यरचनाकार बुर्नोनव्हीलने १८३६ मध्ये कोपनहेगनला बसवलेलं, वेगळ्या संगीतावरचं. ताग्लियोनीची उरली ती चित्रं, वर्णनं आणि रफू केलेल्या सपाता. विमानाचं तिकीट काढून जे बघता येतं, त्यासाठी काळ ओलांडायची काय गरज?

गेलात तर दोन गोष्टी पाळा. पहिल्या अंकातल्या स्कॉटिश लग्नघरात फार रमू नका. दुसऱ्या अंकात, जंगलात, नायक जेम्सने दिलेली विषारी ओढणी अंगावर येते आणि सिल्फीदचे पंख गळून पडतात, तेव्हा तिच्या पायांकडे बघा. आणि २६ मार्चच्या आत पॅरिस सोडा. त्या दिवसापासून शहरात कॉलऱ्याने माणसं मरू लागली आणि त्या साथीत अठरा हजारांहून जास्त लोक गेले.